पाठ झालं, पायात उतरलं नाही: ताई चीच्या एका अडलेल्या टप्प्याचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नागपुरातल्या आमच्या सकाळच्या ताई ची वर्गातलं आहे. ताई ची म्हणजे संथ, एकातून एक जोडलेल्या हालचालींची चिनी युद्धकला. वर्ग लक्ष्मीनगर भागातल्या एका मैदानाच्या कडेला भरतो आणि पावसाळ्यात जवळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जातो. शिकवतात सर. मी त्यांच्या हाताखाली नव्या लोकांची तयारी घेते. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या निवृत्त शिक्षिका आहेत. आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलं, त्यामुळे वर्गात सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात, सरसुद्धा. लिहायला त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

बाई साठीच्या अलीकडच्या. वजन 64 किलो, रक्तदाब गोळीवर ताब्यात, डाव्या घोट्याला जुनी मुरगळ. दिवाळीनंतर वर्गात आल्या आणि गुढीपाडव्याच्या आत 24 मुद्रांचा पूर्ण क्रम त्यांना येऊ लागला. आमच्याकडे ह्याला बहुतेकांना वर्ष लागतं. पुढच्या आषाढात मात्र त्या वर्ग सोडायच्या बेतात होत्या. डावा गुडघा दुखत होता, सर पुढचं काही शिकवायला तयार नव्हते, आणि आपल्यानंतर आलेल्या एका ताईंना सर शाबासकी देतात हे त्यांना दिसत होतं.

काय शिकून झालं होतं

24 मुद्रांचा क्रम 1956 मध्ये चीनच्या क्रीडा आयोगानं बसवला. ताई चीच्या यांग घराण्याच्या लांबलचक क्रमातून पुनरावृत्ती काढून टाकून तो आटोपशीर केला, म्हणजे सामान्य माणसाला पाचसहा मिनिटांत पूर्ण करता यावा. जगभर नवशिक्यांना बहुधा हाच देतात. आमच्या वर्गात मुद्रांना घरगुती नावं पडली आहेत. घोड्याची आयाळ, बगळा, माकड, चाबूक, ढग, कोंबडा. 'ढगापर्यंत आलात का?' असं कुणी विचारलं की तो पहिल्या दहात आहे असं समजायचं.

बाईंना हा क्रम रामरक्षा पाठ असावी तसा पाठ होता. मधूनच कुठूनही सुरू करायला सांगा, अडखळत नसत. पंधरा जण एकत्र करताना निम्मे लोक डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघून पुढची मुद्रा ओळखायचे. ऑटो पार्ट्सचं दुकान असलेले एक भाऊ आहेत वर्गात, ते तर उघडच म्हणायचे, "बाई पुढे उभ्या राहिल्या की आपलं काम सोपं होऊन जाते न."

हे कौतुक बाईंना नडलं असं माझं मत आहे. पुढे उभं राहणाऱ्याला थांबता येत नाही. पंधरा लोक मागे आहेत म्हटल्यावर पाय नीट पडला की नाही हे तपासायला कुठून वेळ मिळणार?

उन्हाळ्यानं त्यात भर घातली. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. वर्ग पहाटे साडेपाचला उरकून घ्यावा लागतो आणि निम्मे लोक गावाला गेलेले असतात. बाईंनी ते दोन महिने घरी सराव केला. कूलरपुढे, दिवाण आणि भिंत यांच्यामधल्या पट्टीत, मोबाइलवर व्हिडिओ लावून. जागा अरुंद, म्हणून दोन्ही पाऊलं एका रेषेत पडायला लागली. सोबत त्यांनी व्हिडिओवरूनच 42 मुद्रांचा स्पर्धेचा क्रमही बराचसा उचलला. जूनमध्ये परत आल्या त्या दोन क्रम आणि एक दुखरा गुडघा घेऊन.

मागणी आणि नकार

बाईंचा नातू कराटेला जातो. तिथे पट्टे असतात, परीक्षा असतात, पिवळ्यानंतर नारिंगी येतो. बाईंची अपेक्षा साधारण तशीच होती आणि त्यात चूक काही नाही. चीनमध्येही 1990 च्या दशकात वुशूसाठी, म्हणजे चिनी युद्धकलांसाठी, नऊ दुआनची (दर्जांची) श्रेणी आणली गेली, तिच्यात ताई चीही येतं. पण घराण्यांच्या परंपरेत पट्टा नाही, त्यामुळे आपण कुठे आहोत हे शिकणाऱ्याला कळायला सोपा मार्ग नसतो. मग माणूस मुद्रा मोजतो. 24 झाल्या, आता 42, मग तलवार घेऊन करायचा क्रम.

गुरुपौर्णिमेच्या आठवड्यात बाईंनी सरांना विचारलं, "सर, मला सगळं येऊन राहिलं. मग तलवारीच्या बॅचला काऊन नाही घेत?"

सर म्हणाले, "बाई, तुम्हाला क्रम येतो. अजून पाऊल टाकता येत नाही."

हे सगळ्यांदेखत झालं. सरांनी ते बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, आणि हे मी त्यांना नंतर बोललेही. पण वाक्य खोटं नव्हतं.

टप्पे कोणते मानायचे

सर चेन घराण्याची पाच पायऱ्यांची मांडणी वापरतात. तिचं मूळ त्याच घराण्यातल्या चेन शिन (1849–1929) यांच्या ओळींत आहे. यिन म्हणजे मऊपणा, यांग म्हणजे कडकपणा, आणि दहातले भाग मोजायचे. एक यिन नऊ यांग म्हणजे काठीसारखा ताठ माणूस. दोन-आठला हातपाय विखुरलेले. तीन-सातला अजून कडकपणा जाणवतो. चार-सहाला चांगला हात. पाच-पाच झालं की खरा उस्ताद. आजच्या काळात चीनमधल्या चेनजियागोऊ गावच्या चेन शियाओवांग यांनी याच पाच पायऱ्या सविस्तर समजावल्या. पहिलीत अंगाची ठेवण आणि हातापायांच्या जागा बसतात, हालचाल ताठ असते, जोर खांद्यातून येतो. दुसरीत आतलं आणि बाहेरचं जुळू लागतं आणि दोष एकेक करून काढायचे असतात. तिसरीपासून वर्तुळं लहान होत जातात. मोठ्यातून मध्यम, मध्यमातून लहान, आणि शेवटी बाहेरच्याला दिसूच नये इतकी लहान.

दुसरी एक जुनी वाट वांग झोंगयुए यांच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथात आहे. आधी चाली सरावाच्या होतात, त्यातून हळूहळू जोर कसा चालतो ते उमगतं, आणि त्यापुढची अवस्था फार वरची. ताई चीचे शिक्षक चेंग मानचिंग (1902–1975) यांनी मानव, पृथ्वी, स्वर्ग अशा तीन पातळ्या आणि प्रत्येकीत तीन पायऱ्या केल्या. त्यांची पहिली पायरी म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत सैल होणं, दुसरी कमरेच्या खुब्यापासून तळव्यापर्यंत.

मांडण्या वेगवेगळ्या असल्या तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. किती मुद्रा येतात हा निकष कुठेच नाही.

बाहेरून पाहणारं एक चौथं शास्त्र मला इथे जास्त उपयोगी पडलं. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. आधी विचार करकरून करणं, मग चुका कमी करत जोडणं, मग आपोआप होणं. बाईंच्या बाबतीत मधला टप्पा जवळजवळ वगळलाच गेला. स्मरणशक्ती इतकी तल्लख की विचार करण्याचा टप्पा महिन्याभरात संपला आणि क्रम थेट अंगवळणी पडला, चुकांसकट. ज्याला आठवत नाही तो दर पावलाला थांबतो, आणि थांबला की निदान पाय कुठे आहे हे बघतो. आमच्या त्या दुसऱ्या ताई, ज्यांना शाबासकी मिळत होती, त्यांना अजून 'माकड' आणि 'चाबूक' यांच्यामधलं आठवत नसे. पण त्या पाऊल मांजरासारखं टाकायच्या.

गुडघ्याचं कारण

बाई हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. एक्स-रेमध्ये वयाप्रमाणे सुरुवातीची झीज, फार काही नाही. डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले, खोल बसू नका म्हणाले. घरच्यांनी त्याचा अर्थ 'ताई ची बंद' असा काढला.

तो अर्थ बरोबर नव्हता असं मला वाटतं. बॉस्टनच्या टफ्ट्स वैद्यकीय केंद्राच्या गटानं 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताचे 204 रुग्ण होते. निम्म्यांना 12 आठवडे आठवड्यातून दोनदा ताई ची, निम्म्यांना नेहमीची फिजिओथेरपी. दोन्ही गटांना साधारण सारखाच आराम पडला. म्हणजे ताई ची केल्यानं गुडघा जातो असं काही नाही. प्रश्न आहे तो कसं करता याचा.

मी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाईंच्या फक्त कमरेखालचं चित्रीकरण केलं. आयाळीची मुद्रा तीनदा येते. डावी, उजवी, डावी. एकीतून दुसरीत जाताना आधी मागच्या पायावर बसायचं, पुढच्या पायाचा चवडा उचलून बाहेर वळवायचा, मग त्याच पायावर वजन आणून मागचा पाय पुढे काढायचा. बाईंचं वरचं अंग हे सगळं करताना दिसत होतं. हात गोल फिरत होते, मान वळत होती. खाली मात्र वेगळंच चाललेलं. पुढच्या पायावरचं वजन मागे जातच नव्हतं. कंबर वळायची, मांडी वळायची, गुडघा आत कलायचा, आणि बूट जागेवर. मग एक क्षण उशिरा बूट खरवडत सरकायचा. पायाखाली पेव्हर ब्लॉक आणि बुटाला जाड रबरी तळवा. पकड इतकी की जो पीळ तळव्याखाली सुटायला हवा तो गुडघ्यात मुरत होता. आयाळीत, मग गुडघा झाडण्याच्या मुद्रेत, रोज तीनचार आवर्तनं, शिवाय घरी. डावा जास्त दुखायचा, कारण डावा घोटा मुरगळीपासून आखडलेला. चवडा उचलण्याऐवजी बाई अख्खं पाऊल तिथेच रोवून ठेवत.

दुसरा दोष कूलरपुढच्या सरावाचा. धनुष्य-पावलात, म्हणजे एक पाय पुढे वाकलेला आणि एक मागे अशा ठेवणीत, दोन पावलांच्या मध्ये खांद्याएवढं आडवं अंतर हवं. बाईंचे पाय दोरीवर चालल्यासारखे एका ओळीत. त्यामुळे तोल सावरायला खांदे वर चढायचे.

यांग घराण्यातले यांग चेंगफू (1883–1936) यांनी सांगितलेल्या दहा तत्त्वांत रिकामं आणि भरलेलं वेगळं करणं हे आहे, आणि ताई चीच्या कलेत हीच पहिली गोष्ट असं त्यांनी बजावलं आहे. ज्या पायावर वजन तो भरलेला, ज्यावर नाही तो रिकामा. बाईंना हे वाक्य माहीत होतं. वहीत लाल शाईनं लिहिलेलंही होतं.

दोन वजनकाटे

त्यांना दोष सांगून उपयोग झाला नाही. चित्रफीत दाखवली तर म्हणाल्या, त्या दिवशी घाई झाली असेल. मग मी घरून एक बाथरूमचा वजनकाटा आणला, दुसरा भाऊंनी त्यांच्या दुकानातून आणला. पावसाळा सुरू झाला होता, वर्ग हॉलमध्ये होता, फरशी सपाट. दोन काटे धनुष्य-पावलाच्या अंतरावर ठेवले. एकावर पुढचा पाय, दुसऱ्यावर मागचा. सूचना एकच: पुढचा पाय रिकामा करा, आणि झाला असं वाटलं की सांगा. खाली बघायचं नाही. मान वाकली की वजन पुढे जातं, म्हणून आकडा मी वाचणार.

बाई मागे बसल्या. अगदी ऐटीत. "झाला."

"किती असेल पुढच्या पायावर?"

"काहीच नाही. फार तर पाच."

काट्यावर 19 होतं.

"काटा बिघडलेला आहे तुमचा," बाई म्हणाल्या. आम्ही काटे अदलाबदल केले. 18. मग दोन्ही काट्यांची बेरीज करून पाहिली, ती 64 च्या आसपास आली. गणिताच्या बाईंना बेरजेपुढे बोलायला जागा उरली नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मला कळतच नाही तर."

माझ्या मते त्यांची पहिली पायरी तिथे संपली. वजन अजून मागे जात नव्हतंच. पण आपला अंदाज आणि वस्तुस्थिती यांत 14 किलोंचं अंतर आहे ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा बाहेरून कळली, आणि पटली.

तिथून पुढे बाईंनी काम स्वतःच्या हातात घेतलं. वहीत तीन रकाने आखले. अंदाज, काटा, फरक. डावा पाय वेगळा, उजवा वेगळा. माझी अपेक्षा होती की काट्याचा आकडा हळूहळू खाली येईल आणि मग अंदाज सुधारेल. झालं उलट. आधी फरक कमी झाला. पोळ्याच्या सुमारास त्या "बारा" म्हणायच्या आणि काट्यावर तेरा यायचे. पाय रिकामा होत नव्हता, पण किती भरलेला आहे हे त्या अचूक सांगत होत्या. आकडा खाली यायला त्यानंतर बरेच आठवडे गेले, आणि तो आला तेव्हा भराभर आला.

सरांना ही वही दाखवली तर ते हसले. त्यांच्या मते हे सगळं उभं राहण्याच्या सरावानं झालं. खांबासारखं स्थिर उभं राहायचं, हात मिठीत घेतल्यासारखे, गुडघे किंचित सैल. बाई तो सराव पाच मिनिटांपासून वाढवत पंधरावर गेल्या होत्या. सर म्हणतात उभ्यानं जाण येते, काटा फक्त पावती देतो. मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. बाई उभं राहण्याचा सराव आधीही करतच होत्या, मनात किराणा मालाची यादी करत. काट्यानंतर त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्याकडे विचारायला एक प्रश्न होता. बाकी ची, प्राण, ऊर्जा या चर्चेत मी इथे शिरत नाही. या टप्प्यावर शिकणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही, आणि आपल्याकडे त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

काय बदललं, काय काढलं

आषाढ ते दसरा एवढा काळ पूर्ण क्रम बंद. ही अट सरांची. बाईंना ती फार लागली, कारण सकाळी सगळे क्रम करताना त्या कोपऱ्यात एकट्या पाऊल टाकत असत. त्यांची पुढची जागा रिकामी ठेवायची नाही म्हणून भाऊ तिथे उभे राहिले आणि पहिले काही दिवस सगळा वर्ग मिळून चुकला.

जाड तळव्याचे बूट गेले, पातळ सपाट तळव्याचे कॅनव्हासचे आले. ठेवण उंच केली, पाऊल आखूड. घरच्या पट्टीत सराव करायचा नाही. करायचाच तर गच्चीवर, पाऊस नसेल तेव्हा. व्हिडिओ बंद.

करायच्या गोष्टी दोनच ठेवल्या. एक, मागे बसणे, चवडा उचलून वळवणे, पुढे येणे. दुसरी टाचेची कसोटी, जी सर सगळ्यांना लावतात आणि बहुतेकांना आवडत नाही. पाऊल पुढे टाकताना टाच जमिनीला लागली की थांबायचं, आणि तोच पाय तसाच उचलून परत मागे घ्यायचा. अंग न हलवता घेता आला तर पाय रिकामा होता. घेता आला नाही तर तुम्ही पाऊल टाकलं नाही, पावलावर पडलात. तरुण, दणकट माणसंसुद्धा इथे सापडतात. दंडबैठका काढलेले तर हमखास, कारण त्यांच्या मांड्या पडणं झाकून टाकतात. बाईंना ही कसोटी उजव्या पायानं लवकर जमली. डाव्या घोट्यासाठी वेगळा व्यायाम द्यावा लागला, भिंतीला हात लावून, टाच न उचलता गुडघा चवड्याच्या दिशेनं पुढे नेण्याचा.

गुडघ्याची दुखरी जाणीव आधी सरावानंतरची गेली, मग जिना उतरतानाची कमी झाली. यात डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामाचा वाटा किती आणि पीळ थांबल्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही.

नवरात्रातली पडझड

दसऱ्याच्या आधी सरांनी बाईंना पुन्हा क्रमात उभं केलं. आणि ज्यांना कुठूनही सुरू करता यायचं त्या बाई बगळ्यानंतर काय ते विसरल्या. पुन्हा सुरुवात केली तर माकडाला अडकल्या. तिसऱ्यांदा ढगात तोल गेला. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "होतं तेही गेलं."

मी हा प्रसंग मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त माणसं इथे गळतात. पहिल्या पायरीला जे आपोआप होत होतं ते दुसरीच्या तोंडाशी मोडतं. लक्ष क्रमावरून वजनावर सरकलेलं असतं आणि दोन्ही एकदम सांभाळण्याइतकं ते अजून मोठं झालेलं नसतं. शिकणाऱ्याला वाटतं आपण मागे गेलो, घरच्यांना वाटतं वय झालं. शिकवणाऱ्यानं अशा वेळी 'काही नाही, जमेल' म्हणून भागत नाही. काय झालं आणि का झालं ते सांगावं लागतं. सरांनी या वेळी बाजूला नेऊन सांगितलं. त्यांनी बाईंना माकडाच्या मुद्रेची दोन चित्रणं दाखवली, जूनचं आणि त्या दिवशीचं. जूनमध्ये पाय न अडखळता चुकीचे पडत होते. नवरात्रात त्या दोनदा थांबल्या होत्या आणि दोन्ही वेळा जिथे थांबल्या तिथे वजन खरोखरच चुकीच्या पायावर होतं. म्हणजे त्या विसरल्या नव्हत्या, त्यांना चूक लागली होती.

क्रम पुन्हा सलग व्हायला दिवाळी उलटली. वेळ मोजला तर त्यांचा तोच क्रम आधीपेक्षा दीड मिनिट लांबला होता.

हाताला हात

थंडीत सरांनी एका हाताचं तुई शौ, म्हणजे जोडीनं हात ढकलण्याचा सराव, सुरू केलं. दोघांनी समोरासमोर उभं राहून मनगटं टेकवायची आणि आडवं वर्तुळ फिरवायचं. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं मागे बसून कमरेनं वळवून सोडायचं. पेंग, ल्यू, जी, आन (झेलणं, मागे वळवणं, दाबणं, ढकलणं) हे चार मूळ जोर इथूनच कळू लागतात. बाईंची जोडी भाऊंशी लावली. भाऊ नव्वदीच्या घरातले, वजनानं.

पहिल्या आठवड्यात तेच झालं जे चेन शियाओवांग दुसऱ्या पायरीबद्दल सांगतात. जोर आला की शिकणारा एक तर हात सोडून निसटतो किंवा अडून बसतो. बाई अडून बसायच्या, खांदा वर, कोपर ताठ. भाऊ विचारायचे, "बाई, ढकलून राहिल्या का थांबवून?" बाईंना उत्तर देता यायचं नाही.

फरक पडला तो एका थंड सकाळी, धुकं होतं, लोक कमी आले होते. भाऊ ढकलत असताना बाई मध्येच म्हणाल्या, "भाऊ, तुमचा पुढचा पाय जड झाला." भाऊ थांबले. झाला होता. बाई पायांकडे बघत नव्हत्या, मनगटावरून सांगत होत्या. आपल्या पायाखालचा काटा वाचायला शिकलेली जाण आता दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचायला लागली होती. जोर कसा चालतो ते उमगण्याची ही अगदी सुरुवात आहे, त्यापलीकडे काही नाही. बाई भाऊंना हलवू शकत नाहीत आणि भाऊंनी मनावर घेतलं तर बाई दोन पावलं मागे जातात.

आज

सरांच्या हिशेबानं बाई दुसऱ्या पायरीच्या मध्यात आहेत. माझ्या हिशेबानं उजव्या बाजूला मध्यात, डाव्या बाजूला सुरुवातीला. एकाच माणसाचे दोन पाय दोन पायऱ्यांवर असू शकतात, हे सरांना मान्य नाही. त्यावर आमचा वाद चालू आहे. उन्हाळ्यात बाईंचा सराव या वर्षी गच्चीवर, सूर्य वर यायच्या आत. तिसऱ्या पायरीला त्या पोचतील का? रोज पाऊण तास आणि साठी गाठलेली, अशा हिशेबात मला शंका आहे. बाईंना हे विचारलं तर त्या म्हणाल्या की त्यांना पहिल्या वर्षी वाटलेलं उत्तर आणि आजचं उत्तर वेगळं आहे, पण दोन्ही त्या सांगणार नाहीत.

तलवारीच्या बॅचसाठी सरांनी गेल्या महिन्यात स्वतःहून विचारलं. बाईंनी पावसाळ्यानंतर सांगते म्हटलं.

नव्या बॅचसाठी मी एक नियम सुचवला आहे: पहिल्या दहा मुद्रा झाल्या की पुढच्या शिकवण्याआधी प्रत्येकाला दोन काट्यांवर उभं करायचं, आणि अंदाजातला फरक पाच किलोंच्या आत आल्याशिवाय पुढे जायचं नाही. सरांची हरकत अशी की लोक काटा जिंकायला शिकतील, पाऊल नाही. भाऊंची हरकत वेगळी आहे. त्यांना वर्गासमोर काट्यावर उभं राहायचं नाही. त्यांच्यासाठी तरी आकडा न वाचता फक्त फरक सांगायचा, असं ठरतं आहे.